लिंबूस नव्हे, लिबुस

गेल्या अंकातल्या शब्दकोड्याची उत्तरं मी हातानं लिहून पाठवली होती. अठ्ठावीस वर्षं फळ्यावर संस्कृत लिहिलं, त्यामुळं आपलं अक्षर जगाला वाचता येतं असा माझा समज. या महिन्याच्या टपालानं तो मोडला. अकरा पत्रं आली, त्यांतली सात एकाच शब्दावर. तेव्हा 'मळणी' आणि 'खळं' विचारणाऱ्या कडोलीच्या शेतकरी वाचकांनी महिनाभर थांबावं. या खेपेला सगळी जागा त्या एका शब्दाची.

प्रश्न : उभ्या २३चं उत्तर 'लिंबूस : प्राचीन ग्रीक भाषेत लिबियाचा रहिवासी' असं छापलंय. आमच्या घरात नातवंडं तीन दिवस एकमेकांना लिंबूस म्हणूलाल्यात. खरा शब्द कोणता? आणि अर्थ तरी बरोबर दिलाय का?
– तंबाखूच्या वखारीतला निवृत्त दिवाणजी, निपाणी

उत्तर : नातवंडांना म्हणू द्या. शब्द 'लिबुस' आहे. मी वेलांटी इतकी लांब काढते की तिचं टोक पुढच्या अक्षरावर टिंब होऊन बसतं. अक्षरजुळणी करणाऱ्या मुलाचा यात काही दोष नाही. त्यानं माझ्या अक्षरातून अर्थ लावला, आणि बेळगावच्या बाजारात लिंबू रोज दिसतं, लिबुस कधी दिसत नाही.

पण दिवाणजी, तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त लागला. अर्थ चुकलाय, आणि तो छापखान्यात नाही, माझ्या डोक्यात चुकलाय. 'लिबियाचा रहिवासी' असं मी लिहिलं. हे म्हणजे पुंडलिकाला सोलापूर जिल्ह्याचा रहिवासी म्हणण्यासारखं झालं. आज नकाशावर दिसतो तो लिबिया देश इटलीनं जुळवलेला. १९११ साली तुर्कांकडून तो मुलूख घ्यायला इटली उतरली, पुढं १९३४ मध्ये त्रिपोलितानिया आणि सायरेनेइका हे भाग एकत्र केले आणि त्याला पोथीतलं जुनं नाव दिलं. २४ डिसेंबर १९५१ला देश स्वतंत्र झाला तो त्याच नावानं. ग्रीकांची 'लिबुए' याच्या कितीतरी पट मोठी. इजिप्तच्या पश्चिमेला जे काही पसरलंय ते सगळं लिबुए, आणि पुष्कळदा अख्खं आफ्रिका खंडच. जुना ग्रीक इतिहासकार हिरोडोटस जगाचे तीन भाग मोजतो : युरोप, आशिया आणि लिबुए.

'रहिवासी' हा शब्द तर आणखी वाईट. हिरोडोटसच्या चौथ्या पुस्तकात साफ लिहिलंय की लिबुएत चार जातींची माणसं राहतात. दोन मूळची : उत्तरेला लिबुस, दक्षिणेला इथिओपियन. दोन बाहेरून आलेली : फिनिशियन आणि ग्रीक. म्हणजे एखादं ग्रीक घराणं तिथं दोनशे वर्षं राहिलं, तिथंच जन्मलं, तिथल्याच मातीत गेलं, तरी ते लिबुस होत नाही. रहिवास वेगळा, लिबुस असणं वेगळं. साठ वर्षं शहापुरात काढलेल्या बाईला हे कोड्याचं उत्तर लिहिताना सुचू नये याचं मला नवल वाटतं.

मग लिबुस कोण? मुळात ते एका टोळीचं नाव. इजिप्तचा राजा मेर्नेप्ताह याच्या पाचव्या वर्षी, इ.स.पू. १२०८च्या सुमाराला, पश्चिमेकडून त्याच्यावर चाल झाली. तिथल्या कर्नाकच्या देवळाच्या भिंतीवर त्या लढाईचा लांबलचक लेख आहे, त्यात 'लिबू' लोकांचा नायक मेर्येय याचं नाव येतं. लेखात अक्षरं मात्र 'र-ब-व' अशी आहेत, कारण त्या लिपीला 'ल'साठी वेगळी खूण नव्हती, 'र'वरच भागवायचे. आपल्याकडे 'रलयोरभेदः', म्हणजे र आणि ल यांत भेद नाही, म्हणून सोडून देतात ना, तसं. ज्याच्याकडे जे अक्षर नाही ते तो शेजारच्या अक्षरावर भागवतो. दिल्लीच्या बातम्यांना आमचा 'ळ' झेपत नाही, म्हणून आम्ही कित्येक वर्षं 'बेलगाम' होतो, घोड्यासारखे. १ नोव्हेंबर २०१४पासून सरकारी कागदावर बेळगावी झालो, आणि घरात बेळगावच राहिलो.

त्या मुलखात लिबू ही एकच टोळी नव्हती. मेश्वेश होते, त्यांच्याही आधीपासून तेहेनू, तेमेहू अशी नावं इजिप्तच्या लेखांत आहेत. मग सगळ्यांना लिबूंचं नाव का पडलं? मला हे कळलं ते माझ्या धाकट्या भावामुळं. तो नव्वदच्या दशकात चोर्ला घाटातून म्हापशाला भाजीची गाडी घेऊन जायचा. कोबी, ढबू मिरची, वांगी. बरोबर हमाल असायचा बैलहोंगलकडचा, त्याला मराठीतलं 'थांब' आणि 'चहा' एवढंच यायचं. घाट उतरला की दोघंही 'घांटी'. भाऊ सुरुवातीला चिडायचा, अरे मी मराठा, हा लिंगायत, मी तुकाराम म्हणतो, हा बसवण्णांची वचनं म्हणतो. बाजारातल्या बाईला त्याचं काय? तिच्या बाजूनं बघितलं तर घाट आहे, आणि घाटावरून जो उतरतो तो घांटी. ग्रीकांचंही तसंच झालं असणार. जी टोळी कानावर पडली तिचं नाव पाठीमागच्या सगळ्यांना लागलं, मग त्यांच्या जमिनीला लागलं, मग खंडाला.

आणि इथं माझी खरी चूक. आपण गावावरून माणूस करतो : बेळगाव, मग बेळगावकर. कानडी घरांत 'कर'सुद्धा लागत नाही, हुक्केरी म्हटलं की आडनाव तयार. या सवयीनं मी देश आधी धरला आणि माणूस त्यातून काढला. इथं उलटं आहे. माणसांचं नाव आधी, त्यांच्यावरून भूमी. ग्रीक साहित्यात आधी भूमीच भेटते हे खरं. 'ओडिसी'च्या चौथ्या सर्गात मेनेलाओस लिबुएला जाऊन आल्याचं सांगतो : तिथं कोकरांना लवकर शिंगं फुटतात आणि मेंढ्या वर्षात तीनदा वितात. पण नावाचं मूळ त्या कर्नाकच्या भिंतीवरच्या माणसांत आहे. ग्रीकांना स्वतःला मात्र हे ठाऊक नव्हतं. लिबुए नावाच्या तिथल्याच एका बाईवरून खंडाला नाव पडलं असं बहुतेक ग्रीक सांगतात, असं हिरोडोटस लिहितो, आणि तीन खंडांना तीन बायकांची नावं का, हे आपल्याला कळत नाही असंही पुढं कबूल करतो. असा कबूल करणारा लेखक मला आवडतो.

प्रश्न : मॅडम, हा शब्द चालवायचा कसा? आणि बाई असेल तर काय म्हणायचं?
– बी. ए.ची विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर : तुला 'साधु' येतो ना, मग निम्मं काम झालं. साधुः तसा लिबुस, साधुम् तसा लिबुन. आपला विसर्ग तिथं 'स' होऊन उभा असतो आणि आपला शेवटचा 'म' तिथं 'न' होतो. अनेक असले की साधवः तसे 'लिबुएस', त्याचा किंवा त्याचं म्हणायचं तर 'लिबुओस'. चुलत घरातली भावंडं आहेत ही. खडे बाजारात रद्दीवाल्याकडे मला एक फाटकं ग्रीक व्याकरण चार रुपयांना मिळालं होतं, १९८३ साली. ते मी वर्षभर वाचत राहिले ते एवढ्याच नात्यावर.

उच्चार मात्र लिहून दाखवता येत नाही. अथेन्सकडच्या ग्रीकांचा तो 'उ' आपला 'उ' नव्हे. ओठांचा चंबू 'ऊ'साठी करायचा आणि आतून 'ई' म्हणायचं. आरशासमोर करून बघ, घरचे हसतील. रोमन लोकांनी या स्वरासाठी ग्रीकांचंच वाय अक्षर उचललं. इंग्रजीत लिबियाचं स्पेलिंग करताना आधी आय आणि मग वाय का येतो, हे आता तुझ्या लक्षात येईल. पुढं ग्रीकांचा तो स्वर झिजून नुसता 'ई' राहिला आणि 'ब'चा 'व' झाला, त्यामुळं आजच्या ग्रीसमध्ये त्या देशाचं नाव 'लिवी' असं ऐकू येतं.

बाईला 'लिबुस्सा'. हाच शब्द विशेषण म्हणूनही चालतो, आणि एका माणसाला तो फार महागात पडला. कार्थेजचा सेनापती हॅनिबल, रोमला ज्यानं घाम फोडला तो. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो की त्याच्याबद्दल एक भाकीत होतं : 'लिबुस्सा माती हॅनिबलचा देह झाकील.' माती ग्रीकमध्ये स्त्रीलिंगी, म्हणून लिबुस्सा. हॅनिबलनं सरळ अर्थ घेतला : आपण म्हातारे होऊन आपल्याच आफ्रिकेत मरणार. इ.स.पू. १८३च्या सुमाराला तो बिथिनियाच्या राजाच्या आश्रयाला होता, आजच्या तुर्कस्तानात. रोमन आपल्याला धरायला आले हे कळल्यावर त्यानं विष घेतलं. ज्या गावात घेतलं त्याचं नाव लिबुस्सा. विशेषण आणि विशेषनाम यांतला फरक मी वर्गात सांगायचे तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही या गोष्टीला जागी व्हायची.

प्रश्न : 'आफ्रिकेतून नेहमी काहीतरी नवं येतं' अशी म्हण आहे, ती या लिबुएवरचीच का?
– एक वाचक, चिकोडी

उत्तर : हो. ॲरिस्टॉटलच्या प्राण्यांवरच्या ग्रंथात ती म्हण म्हणूनच येते. कारणही तो देतो. पाणी कमी, त्यामुळं नाना जातींची जनावरं एकाच पाणवठ्यावर जमतात आणि त्यांच्यात संकर होतो. प्राणिशास्त्राच्या शिक्षकांनी यावर मला पत्र लिहू नये.

प्रश्न : ग्रीकांनी त्यांना लिबुस म्हटलं हे समजलं. पण ते स्वतःला काय म्हणवून घेत होते?
– टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : हे विचारणारा वाचक भेटला की सदर चालवल्याचं बरं वाटतं.

सगळ्यांना मिळून त्यांनी एक नाव घेतलं असेल असं धरूनच चालू नका. हिरोडोटस किनाऱ्यानं एकेक टोळी मोजत जातो. नासामोन उन्हाळ्यात जनावरं किनाऱ्याला सोडून वर औगिलाच्या पाणवठ्यावर खजूर उतरवायला जातात, टोळ उन्हात वाळवून कुटतात आणि ते पीठ दुधावर भुरभुरून पितात. गारामांत लोकांच्या बैलांची शिंगं पुढं वाकलेली, म्हणून ते मागं मागं सरकत चरतात, पुढं गेले तर शिंगं जमिनीत रुततील. (बेंदराला आमच्या गल्लीत ही गोष्ट सांगितली तर एका म्हाताऱ्यानं शांतपणे विचारलं, 'मग नांगराला उलटे जुंपतात काय?') काही टोळ्या पोर चार वर्षांचं झालं की त्याच्या डोक्यावरच्या शिरांना तेलकट लोकरीनं डाग देतात, म्हणून ती माणसं निरोगी राहतात असं ते म्हणतात. खात्री नाही, ते म्हणतात तसं सांगतो, असं हिरोडोटस जोडतो. पोट फुगलं म्हणून तान्ह्याला डाग द्यायचे प्रकार आपल्याकडे मी स्वतः पाहिलेत. त्या पोरांच्या किंचाळ्यांवरून सांगते, निरोगीपणाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

यातले आतारांत तर विलक्षण. त्यांच्यात माणसांना नावंच नाहीत. सगळ्यांना मिळून आतारांत, आणि एकेकट्याला काहीच नाही. मी ते वाचून पुस्तक मिटलं आणि माझ्या वर्गातली हजेरी आठवत बसले.

त्यांच्या भाषेचा एक शब्द हिरोडोटस देतो आणि तोही घोटाळ्याचा. आफ्रिकेत ग्रीकांची वसाहत ज्यानं वसवली त्याचं नाव बात्तोस. ग्रीक म्हणत, तो अडखळत बोलायचा म्हणून बात्तोस, म्हणजे बोबडा. हिरोडोटस म्हणतो, तसं नव्हे, लिबुसांच्या भाषेत बात्तोस म्हणजे राजा. एकाच आवाजाला इकडं बोबडा आणि तिकडं राजा. आपल्या जिल्ह्यात हे समजवायला ग्रीस लागत नाही. लग्न होऊन आले त्या वर्षी बैलहोंगलच्या बाजारात 'हत्ति' कितीला गेली अशी चर्चा ऐकून मी नवऱ्याला विचारलं होतं, इथं हत्ती विकतात? कानडीत हत्ति म्हणजे कापूस. हत्तीला ते 'आने' म्हणतात, आणि आमचे आणे तर केव्हाच बंद झाले.

त्यांचे आजचे भाषिक वारस उत्तर आफ्रिकेत आहेत. बाहेरचे त्यांना बर्बर म्हणतात. आपल्या संस्कृतातही 'बर्बर' आहे आणि ग्रीकांचा 'बार्बारोस'ही तसाच : ज्याचं बोलणं आपल्याला बडबड वाटतं तो. ते स्वतःला अमाझिघ म्हणवतात, अनेक असले की इमाझिघेन. शक्य असेल तिथं मी तेच लिहीन.

प्रश्न : माझे मेहुणे फिटर म्हणून बेनगाझीला होते. २०११ला गडबड झाली तेव्हा सगळं टाकून आले. तिथले लोक त्यांना 'हिंदी' म्हणायचे. एका सुट्टीला ते शहातला गेले होते, तिथला फोटो सोबत जोडलाय. मोठमोठे खांब आहेत. हे तुमच्या लिबुसांचं का?
– हुक्केरी तालुका

उत्तर : फोटो पाहून मी खुर्चीतून उठले. ज्या जागेबद्दल चाळीस वर्षं वाचतेय तिथं हुक्केरीचा माणूस टिफिन घेऊन उभा आहे. अरबीत भारतीयाला 'हिंदी'च म्हणतात, त्यामुळं मेहुण्यांचं ठीक झालं. त्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये सरकारनं १५,०००हून जास्त भारतीय माणसं लिबियातून आणली, बेनगाझीहून जहाजानं अलेक्झांड्रियाला आणि तिथून विमानानं पुष्कळजण आले. मेहुणे जहाजानं आले का, मला कळवा.

खांब ग्रीकांचे. ते क्युरेने शहर, झ्यूसच्या देवळाचे खांब आहेत. १९८२पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. थेरा बेटावर पाऊस पडेना, देवाचा कौल झाला की लिबुएत वसाहत करा, म्हणून वर सांगितलेला बात्तोस माणसं घेऊन निघाला. आधी किनाऱ्याजवळ दुसऱ्या एका ठिकाणी काही वर्षं काढली. मग लिबुसच त्यांना म्हणाले, चला, याहून चांगली जागा दाखवतो. नेताना वेळेचा असा हिशेब केला की वाटेतली सगळ्यांत सुंदर जागा, इरासा, रात्रीच्या अंधारात मागं पडावी. जमीन दाखवायला आलेल्या एजंटांची जात जुनी आहे. शेवटी एका झऱ्याशी उभं करून सांगितलं : 'ग्रीकांनो, इथं राहा, इथं आभाळाला भोक आहे.' म्हणजे पाऊस इथं पडतो. कणकुंबीचा पाऊस पाहिलेल्या माणसाला हे वाक्य समजावून सांगायला नको. ही गोष्ट इ.स.पू. ६३१च्या आसपासची.

खांब ग्रीकांचे असले तरी घरं कुणाची होती हे विचारा. वसाहतीला निघाले ते पुरुष. त्यांच्या चुली लिबुस्सांनी पेटवल्या, असं मानायला जागा आहे, कारण हिरोडोटस म्हणतो की क्युरेनेच्या बायका गाईचं मांस खात नाहीत, इसिस देवीसाठी त्या उपासही धरतात, आणि शेजारच्या बार्काच्या बायका तर डुकराचंही खात नाहीत. नवरा ग्रीक, पण हंडी सासूच्या नव्हे, आईच्या रीतीनं शिजायची. बायका देव आणि भांडी बदलत नाहीत, आडनाव बदलतात.

त्या चुलीवरची एक गोष्ट तुम्हाला ओळखीची वाटेल. क्युरेनेच्या नाण्यांवर एक झाड आहे, सिल्फियम. त्याचा चीक वाळवून औषधात आणि जेवणात घालत आणि शहर त्यावर श्रीमंत झालं. ते रानातच उगवायचं. खुडून, चरून संपलं. रोमन लेखक प्लिनी सांगतो की त्याच्या हयातीत एकच काडी सापडली, ती नीरो बादशहाला भेट पाठवली. मग रोमन स्वयंपाक्यांनी त्याच्याऐवजी काय घ्यावं? इराणकडून येणारा हिंग. तुमच्या फोडणीच्या डबीत आहे तोच.

फोटो पुठ्ठा घालून रजिस्टरनं परत पाठवतेय. मागच्या बाजूला पेन्सिलीनं काहीतरी आकडे आहेत, ते पुसलेले नाहीत. आणि पुढच्या कोड्याची उत्तरं माझी नात टाइप करून देणार आहे. तिनं आत्ताच विचारलंय की आडव्या १४ला 'तुर्की' आहे का 'बुरखी'.